पाचव्या शिलासाठी माणूस पाहिजे

पांढुर्णा, २ मार्च १९८६

चि. उत्तम यास वत्सलाबाईचा जयभीम.

पत्राचं कारण आनंदाचं आहे, म्हणून घाबरून उघडू नको. तुझ्या भाचीचं, आपल्या इंदूचं, लग्न ठरलं. मुलगा तिगावचा, रेल्वेत नोकरीला. इंदूपेक्षा उंचीला चार बोटं जास्त आणि बोलायला चार वाक्यं कमी. म्हणजे जमेल त्यांचं. तारीख २० एप्रिल, रविवार, सकाळी अकरा. मांडव आपल्या वस्तीतल्या विहारासमोरच टाकू.

आता तुझं काम. लग्न तू लावायचंस. वस्तीतली निम्मी जोडपी तुझ्यामागून त्रिसरण आणि पंचशील म्हणून संसाराला लागली आहेत. ती रोज भांडतात, पण एकही मोडलं नाही, हे तुझ्या आवाजाचं पुण्य म्हणायचं. सख्खा मामा असा आवाजाचा असताना मी दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ?

दीड-दोन वर्षांत तू आमच्याकडच्या एकाही कार्याला आला नाहीस. कधी तुझी तब्येत, कधी साहेबांचा दौरा. मी काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. कुसुमला आणि तुला दोन दिवस आधी यायचं आहे, एवढंच.

तुझी,
बाई

सौंसर, ९ मार्च १९८६

ती. बाईस उत्तमचा जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तुझा भाऊ कचेरीत आवक-जावक बाबू असल्यामुळे मनातल्या मनात त्याला नंबरही दिला. इंदूचं ठरल्याचं वाचून मला आणि कुसुमला फार आनंद झाला. मुलगा कमी बोलतो हे तर फारच चांगलं. भाऊजी शालिकरामही लग्नाआधी कमीच बोलत, पुढं तुझ्यापुढं त्यांना बोलायला जागाच उरली नाही, तो भाग निराळा.

परंतु. कचेरीच्या कागदात 'परंतु' आलं की अर्जदारानं उठून घरी जावं. आमच्याकडे मार्चअखेरचं काम एप्रिलअखेरपर्यंत चालतं. त्यात साहेब नवीन आहेत. रजा मिळेल असं वाटत नाही.

लग्नासाठी वस्तीतल्या भाऊरावला सांग. त्याचा आवाज आता माझ्यापेक्षा चांगला झाला आहे. स्टेशनावर गाडीची घोषणा झाली नाही तरी चालेल, भाऊरावचं पंचशील ऐकून लोक अकरा वाजले असं समजतील. इंदूसाठी पांढरी साडी कुसुमनं पाहून ठेवली आहे, ती पाठवतो.

तुझा,
उत्तम

पांढुर्णा, १४ मार्च १९८६

उत्तम,

मी सातवी शिकले, पण कॅलेंडर वाचता येतं. मार्च महिना एप्रिलमध्ये संपतो हे मला तुझ्याकडूनच कळलं. आणि रविवारी कोणती कचेरी उघडी असते रे?

लिहायचं नव्हतं, पण आता लिहिते. आपल्या शेजारची शकुबाई गेल्या शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेली होती. परतताना सौंसरच्या बसस्टँडवर तिनं तुला पाहिलं. आल्या आल्या माझ्या दारात उभी: "वत्सला, तुहा भाऊ मले पाह्यल्याबरोबर भट्टीच्या गल्लीत घुसला वं. तोंडात काईतरी चावून राहिला होता." मी तिला म्हटलं, दुसरा कोणी असेल, माझा भाऊ गोरा आहे. ती गेल्यावर रडले. तू गोरा नाहीस हे तिलाही माहीत आहे.

बाबू, आपण एकमेकांपासून किती दिवस लपवायचं? तू पितोस म्हणून तू माझा भाऊ नाहीस असं थोडंच आहे? जसा आहेस तसा ये. सकाळचे दोन तास फक्त सांभाळ. मागच्या खोलीत तुझ्यासाठी खाट टाकते. तुझ्या भाऊजींना सांगून एक पव्वा आणून ठेवते. लग्न लावून झालं की आत जा आणि दार लावून घे. मी स्वतः बाहेर सूप घेऊन पाखडत बसेन, कोणाला आत येऊ देणार नाही.

पण ये.

बाई

सौंसर, २३ मार्च १९८६

ती. बाईस,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग जेवलो नाही. तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

बाई, माझी दारू २० जानेवारी १९८५ रोजी सुटली. चौदा महिने झाले. कोणता साक्षात्कार वगैरे झाला नाही. हात इतके थरथरायला लागले होते की जावक रजिस्टरात आकडा नऊ आहे की सात, ते माझं मलाच कळेना. कुसुम सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस, त्यानं गोळ्या दिल्या आणि रोज बोलावलं. आठ दिवस फार वाईट गेले. नंतरचे त्याहून थोडे कमी वाईट. कुसुमनं हे कोणालाही सांगितलं नाही, कारण तिच्या मते सांगितलं की मोडतं. ती अजून रोज संध्याकाळी माझा सदरा खुंटीला टांगण्याआधी हळूच हुंगते. मी पाहिलं नाही असं दाखवतो. आमचा संसार सध्या या दोन नाटकांवर सुखानं चालला आहे.

आता तू म्हणशील, मग भट्टीच्या गल्लीत काय करत होतास? तर ऐक. बसस्टँडवरून सरळ रस्त्यानं गेलो तर ओळखीचे दहा लोक भेटतात. त्यांच्याकडे पाहून मला वाटतं, हे माझ्या तोंडाचा वास घेत आहेत. म्हणून मी मागच्या गल्लीनं जातो. त्या गल्लीत भट्टी आहे आणि तिथं माझ्याकडे कोणी पाहत नाही, ज्याला त्याला आपली घाई असते. थोडक्यात, चांगल्या लोकांनी मला दारुड्या समजू नये म्हणून मी रोज भट्टीवरून जातो. आणि मी चावत होतो ती लवंग. प्यायचो तेव्हा वास लपवायला चावायचो. आता लपवायला काही नाही, पण लवंग तोंडात नसली तर मला बोलताच येत नाही. त्यामुळे अख्ख्या सौंसरची खात्री आहे की उत्तमबाबू अजून घेतो. पूर्वी पिऊन जेवढी अक्कल गहाण टाकली नव्हती, तेवढी आता दारू सोडून गहाण टाकली आहे.

रजेचं खोटं लिहिलं. खरं हे आहे. दोन वर्षांपूर्वी तिगावला आपल्या वस्तीतल्या प्रकाशचं लग्न मी लावलं, ते तुला आठवत असेल. तू नव्हतीस, तुला ताप होता. चार शीलं म्हटली आणि पाचव्यावर, दारूपासून दूर राहण्याच्या शिलावर, माझी जीभ अडकली. सकाळी दहालाच घेतलेली होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हण नं बापू, हे तं तुह्यासाठीच हाय." सगळा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. नंतर विहिरीमागं जाऊन उलटी केली.

त्यानंतर दारू सुटली, पण दारुड्या काही अंगातून उतरला नाही. कचेरीत सगळे एकत्र डबा खातात, मी आवकच्या कपाटामागं बसून खातो. मागच्या जयंतीची मिरवणूक मी खिडकीच्या फटीतून पाहिली. आपल्या आजोबांना लोक पंगतीबाहेर बसवत. तिथून आपल्याला उठवून पंगतीत बसवायला केवढा माणूस झिजला! आणि मी, कोणी काही म्हटलेलं नसताना, आपलं ताट उचलून आपणच बाहेर जाऊन बसलो. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी प्यायल्याचीही वाटत नाही.

अशा तोंडानं इंदूच्या लग्नात पाचवं शील कसं म्हणू? पुन्हा कोणी हसलं तर इंदूचं लग्न जन्मभर त्या हसण्यानंच आठवलं जाईल.

आणि बाई, तू पव्वा देऊ केलास. इतक्या मायेनं मला तो कोणी कधी दिला नव्हता, प्यायचो तेव्हासुद्धा नाही.

उत्तम

पांढुर्णा, ३० मार्च १९८६

चि. उत्तम,

चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तर अक्षरं दिसेनात.

चुकले रे. शकुबाईचे डोळे घेतले आणि आपल्या भावाला पाहिलं. पव्व्याचं लिहिलं त्याची लाज मरेपर्यंत पुरेल. आणि नुसतं लिहिलं नव्हतं, भाऊजींकडून आणवून मडक्यामागं ठेवलाही होता. तुझं पत्र आलं त्या दिवशी तो मोरीत ओतला. तुझे भाऊजी शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी दूध ओतून राहिले.

तू सुचवलेला भाऊराव येऊन गेला. लग्नाचं बोलायला ओसरीवर बसला, चहा प्यायला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, गळ्यासाठी थोडं काई असंल तं..." दुपारचे दोन वाजले होते. इंदू आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "मामा लग्न लावन तं मी उभी राहीन. भाऊरावकाकाच्या तोंडचं पाचवं शील मले नाई पायजे." पत्रिका छापून आल्या आहेत. त्यावर तुझं नाव आहे. खोडायला माझ्याजवळ शाई नाही.

कोणी हसलं तर मी पाहून घेईन.

बाई

सौंसर, ५ एप्रिल १९८६
(पोस्टकार्ड)

ती. बाईस,

येतो. इंदूला सांग.

फक्त एक करू. चार शीलं मी म्हणतो आणि पाचव्याला बाजूला होतो. तेवढ्यापुरता दुसरा कोणी उभा कर. आवाज बरा असावा आणि तोंड स्वच्छ असावं. एवढी मोठी वस्ती आहे, एका वाक्याला एक माणूस मिळायला काय अडचण?

उत्तम

पांढुर्णा, १५ एप्रिल १९८६

चि. उत्तम,

काल जयंती होती. सगळी वस्ती पांढरे कपडे घालून विहारात जमली, तेव्हा म्हटलं आजच तुझा माणूस शोधावा. ऐक काय झालं ते.

आधी यशवंतरावांना विचारलं. रेल्वेतले रिटायर मुकादम, दर रविवारी पुढं बसून पाचही शीलं म्हणतात. म्हटलं, "लग्नात फक्त पाचवं म्हणा." ते म्हणाले, "मले पाली जमत नाई." मी म्हटलं, दर रविवारी तर जमते. "थे सगळ्यांसंगं जमते," म्हणाले आणि खुर्च्या मोजायला निघून गेले.

भाऊरावनं स्वतःहून गळ्याला हात लावला आणि खोकला.

प्रकाश म्हणाला, "मोठ्या माणसांपुढं मी कसा म्हणू, आत्या?" त्याच्या लग्नात तुझी फजिती झाली तेव्हा हसणाऱ्यांत हा नवरदेव होता, हे त्यानंच मला सांगितलं आणि मान खाली घातली.

दोघांना तिगावला जायचं होतं. एकाचं पोट बिघडलं. एक तर मला येताना पाहूनच विहाराच्या मागच्या दारानं गेला. त्याला मी काही विचारणारसुद्धा नव्हते, मला त्याच्याकडून सतरंजी पाहिजे होती.

शेवटी घरी येऊन तुझ्या भाऊजींना म्हटलं, तुम्हीच म्हणा. तर म्हणाले, "पोरीच्या बापानं म्हणाचं नसते." हा नियम कुठला, विचारलं तर ते उठून बकरीला चारा घालायला गेले. चारा सकाळीच घातला होता.

पाचही शीलं सगळ्यांच्या घोळक्यात म्हणायला अख्खी वस्ती तयार आहे. पाचवं एकट्यानं म्हणा म्हटलं की एकालाही वेळ नाही. मी म्हणते म्हटलं, तर यशवंतराव म्हणाले, बाईनं लग्न लावायची आपल्याकडे चाल नाही. ती चाल मी पुढं पाडीन. पण मी उभी राहिले तरी लोक विचारणारच, उत्तमनं चारवर काऊन सोडलं?

तेव्हा कळवायचं ते हे की पांढुर्ण्यात पाचव्या शिलासाठी माणूस मिळाला नाही. एक आहे, तो सौंसरला कपाटामागं बसून डबा खातो. शुक्रवारच्या बसनं पाठवून द्यावा.

बाई

पांढुर्णा, २५ एप्रिल १९८६

चि. उत्तम,

इंदू काल मांडवपरतणीला येऊन गेली. खुश आहे. नवरा चार वाक्यं बोलला, त्यातली दोन तुझ्याबद्दल.

तू सोमवारी गेलास, म्हणून इथं मागं काय चाललं आहे ते तुला ठाऊक नाही. आधी मी जे पाहिलं ते लिहिते. तू चार शीलं म्हटलीस, मागून मांडव नुसता घुमला. पाचव्याला थांबलास. प्रकाशला विचारून त्या लग्नातल्या म्हातारीला मी मुद्दाम माझ्याजवळ बसवलं होतं, तिचा हात घट्ट धरला. मग तू पुस्तकी बोली सोडून आपल्या बोलीत म्हणालास, "हे पाचवं मी बारा वर्षं मोडलं. आता पंधरा महिने झाले, पाळून राहिलो. मी म्हणतो. ज्याले जमते त्यानं मागून म्हणा, ज्याले नाई जमत त्यानं आयका." आणि म्हटलंस. आवाज जराही हलला नाही. मागून आवाज आले ते बायांचे आणि लेकरांचे. पुरुषांच्या बाजूला सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. नवरदेव तेवढा स्पष्ट बोलला, तेव्हा इंदूनं त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. कोणी हसलं नाही. माझ्या हातातली म्हातारी रडत होती. नंतर तू पंगतीत मधोमध बसून जेवलास आणि दोनदा बुंदी मागितलीस. माझ्या लेकीचं लग्न तिथं पार पडलं.

आता पुढचं. मंगळवारपासून वस्तीत एकच चर्चा. यशवंतराव पानठेल्यावर म्हणाले, "शुद्धीत असता तं एवढ्या पाहुण्यांत असं बोलला असता काय? पोटात होती म्हणूनच खरं बोलला." झालं. सगळ्यांना पटलं! म्हणे बिनप्यायलेला माणूस आपली अब्रू अशी मांडवात काढून ठेवतच नाही. शकुबाई म्हणते, तिला वास आला होता. ती बायांच्या बाजूला होती, तुझ्यापासून वीस हात लांब. मी पानठेल्यावर जाऊन भांडले. तर म्हणाले, "बहीण हाय, असंच म्हणन."

उत्तम, तू आयुष्यात पहिल्यांदा कोरड्या तोंडानं पाचवं शील म्हटलंस आणि त्याच दिवशी गावानं तुला पक्का दारुड्या ठरवलं. मला झोप नाही. तू मनाला लावून घेऊ नको. वाकडा विचार करू नको. लगेच पत्र टाक.

बाई

सौंसर, ५ मे १९८६

ती. बाईस उत्तमचा जयभीम.

उशीर झाला, काळजी केली असशील. वाकडा विचार केला नाही. तुझं पत्र मी कचेरीत उघडलं आणि यशवंतरावांच्या वाक्यापाशी आलो तेव्हा इतका मोठ्यानं हसलो की शिपाई आत आला. वर्षापूर्वी हेच वाचलं असतं तर त्या संध्याकाळी मी भट्टीच्या गल्लीतून नुसता चालत गेलो नसतो, आत गेलो असतो. या वेळी वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तेवढंच वाटलं. मग भूक लागली.

आमचे बडेबाबू विनायकराव यांनी विचारलं, काय झालं. मी पहिल्यांदा तोंडानं सांगितलं, मी प्यायचो, आता पीत नाही, आणि गाव म्हणतं पितो. ते म्हणाले, "उत्तमराव, तुम्ही सोडली थे आम्हाले वर्षभरापासून माहीत हाय. पण तवापासून तुम्ही आमच्यासंगं जेवाले बसत नाई. आम्हाले वाटलं, सोडली म्हणून तुम्हाले घमेंड आली, आता आम्हाले हलकं समजता." म्हणजे बघ, मी त्यांच्यापासून तोंड लपवत होतो आणि ते माझा रुबाब सहन करत होते. आता त्यांच्यात बसतो. विनायकरावांच्या घरची भाजी फार तिखट असते. पूर्वीच बरा होतो असं कधी कधी वाटतं.

आता मुख्य गोष्ट. काल रविवारी दुपारी दारावर थाप पडली. पाहतो तर भाऊराव, प्रकाश आणि आणखी एक जण. पांढुर्ण्याहून बसनं आले होते. कुसुमनं चहा केला. अर्धा तास संत्र्याच्या बहराबद्दल बोलले. भाऊरावाच्या मालकीचं संत्र्याचं एक झाड नाही. मग प्रकाशनं हळूच विचारलं, "उत्तमकाका, थे पहिले आठ दिवस कसे काढले?"

मी सगळं सांगितलं. एकदम सोडू नका, अंग थरथरतं, जिवावर बेततं, हेही सांगितलं. पुढच्या रविवारी डॉक्टर घरी भेटतील, तिघांना घेऊन जाणार आहे. पण निघताना भाऊराव हात धरून म्हणाला, "कोणाले सांगजो नको. दारू सोडाची म्हणून आलो, असं कळलं तं वस्तीत तोंड दाखवता नाई येणार. लोक म्हणतीन, म्हणजे एवढी होती काय?" मी विचारलं, मग घरी काय सांगून आलात? तर दोघं सांगून आले होते की सौंसरला उत्तमकडे प्यायला चाललो; तिसऱ्यानं माझं नाव टाळून नुसतं 'सौंसरला प्यायला' म्हटलं होतं. घरच्या बायांनी कपाळाला हात लावला, पण जाऊ दिलं. त्यात नवीन काही नव्हतं.

तेव्हा बाई, आता दर रविवारी पांढुर्ण्याची माणसं माझ्याकडे प्यायला येतात, असं तू लवकरच पानठेल्यावर ऐकशील. भांडायला जाऊ नकोस. नाही म्हणू नकोस. होईल तेवढी माझी बदनामी होऊ दे, त्या तिघांना तिच्या आडोशाची गरज आहे.

तिसऱ्याचं नाव मी लिहीत नाही. शब्द दिला आहे आणि हे पत्र त्याच्याच घरी येणार आहे. येत्या रविवारी तो सौंसरला पिऊन येतो म्हणाला, तर कपाळाला हात लाव, दोन शिव्या दे आणि बसच्या वेळेला हाकलून दे.

तुझा,
उत्तम